दिवाळी अंक उघडल्यावर डोळे काय करतात?

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांना एक सवय लागली. एकाच मुखपृष्ठाआड कथा, कविता, एखाद्या धरणावरचा नाहीतर मेंदूवरचा लांबलचक लेख, व्यंगचित्रं आणि शेवटी राशिभविष्य. या सगळ्याला आपण एकच क्रियापद लावतो: वाचणे. डोळ्यांना आणि मेंदूला विचारलं तर ते सांगतील की ही चार-पाच वेगवेगळी कामं आहेत. कथा वाचताना जे यंत्र चालतं ते कवितेला पुरत नाही, आणि कवितेची चाल लेखाला लावली की लेख रटाळ वाटू लागतो. 'हल्ली वाचनात मन लागत नाही' या तक्रारीचं एक साधं कारण बरेचदा हेच असतं. गिअर एकच आणि रस्ते पाच.

आधी डोळ्यांचं पाहू. ओळ वाचताना नजर पाण्यासारखी वाहत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बेडकासारखी उड्या मारते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुई एमिल झावाल या फ्रेंच नेत्रवैद्याने हे लोकांच्या लक्षात आणून दिलं. नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग २० ते ३५ मिलिसेकंदांची झेप घेऊन पुढे जाते. झेप चालू असताना कामाचं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त थांब्यावर. थांब्यावरही स्पष्ट दिसणारा भाग अगदी चिमुकला असतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढाच. इंग्रजी वाचकांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की एका थांब्यावर डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं कामी येतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर ती वाचताना हा झुकाव उलटा होतो. म्हणजे हा कल डोळ्याच्या घडणीतून येत नाही, लक्ष कुठे जातं त्यातून येतो. शंभरातल्या दहा-पंधरा झेपा मागेही जातात. याला आळस किंवा कच्चं वाचन समजू नये. त्या मागच्या झेपांबद्दल पुढे बोलूच.

हे घरी पाहता येतं. वर्तमानपत्राच्या पानाच्या मध्यावर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, पेन्सिलीच्या टोकाने अर्धा सेंटिमीटरचं भोक पाडा. एकाने ते पान ३५-४० सेंटिमीटरवर धरून भोकाच्या आसपासचा मजकूर मनात वाचायचा. दुसऱ्याने पानाच्या पलीकडे बसून भोकातून वाचणाऱ्याचा डोळा पाहायचा आणि ओळीमागे थांबे मोजायचे. ओळ संपल्यावरची मोठी परतीची झेप यात धरायची नाही. पहिल्या चार-पाच ओळी सोडून द्या, कारण कुणीतरी पाहतंय या जाणिवेने वाचणारा सुरुवातीला ताठरतो. डोळा न हलता मान हलत असेल तर हनुवटीखाली मूठ टेकवायला सांगा. भोक मोठं झालं तर वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं आणि प्रयोग फसतो. आता हेच आधी क्रीडापानावरच्या बातमीवर आणि मग अग्रलेखावर करा. बहुतेक वेळा अग्रलेखावर थांबे वाढतात आणि मागे येणंही वाढतं.

वेगाचे आकडे इंग्रजीचे उपलब्ध आहेत. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. प्रौढ माणूस मनातल्या मनात ललितेतर मजकूर मिनिटाला सरासरी २३८ शब्दांनी वाचतो, कथा-कादंबरी २६० शब्दांनी, आणि मोठ्याने वाचायचं तर १८३ शब्दांनी. ललित आणि ललितेतर यांच्यातला फरक बराचसा एका साध्या गोष्टीने समजतो: ललितेतर लेखनातले शब्द लांब असतात.

हे आकडे मराठीला तसेच लावू नयेत. 'त्याच्याबरोबरच्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याला सहा-सात शब्द लागतात. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मिनिटाचे शब्द मोजले तर मराठी वाचक उगाच मंद ठरतो. स्वतःचा वेग काढायचा तर पाच ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा, तिला पानावरच्या ओळींनी गुणा आणि दहा मिनिटांत किती पानं झाली ते पाहा. ओळीत ९ शब्द, पानात २८ ओळी, दहा मिनिटांत सहा पानं, तर मिनिटाला साधारण १५० शब्द. कथा, लेख आणि कविता यांचे आकडे वेगळे काढा. तिन्ही सारखेच आले तर काळजी करायची, कमी आले म्हणून नव्हे.

देवनागरीच्या स्वतःच्या काही खोड्या आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र क आधी. हिंदी वाचकांवरच्या प्रयोगांत अशी पहिली वेलांटी असलेले शब्द उच्चारायला किंचित जास्त वेळ लागतो असं दिसलं, कारण कागदावरचा क्रम आणि जिभेवरचा क्रम जुळत नाही. रफाराचंही तेच: 'सूर्य'मधला र बसतो य च्या डोक्यावर, पण ऐकू येतो त्याच्या आधी. आणि मराठीची खास गंमत म्हणजे आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, हे एका रेघेवर ठरतं. लग्नघरात यातून काय होऊ शकतं ते सांगायला नको. मोडीत तर शब्दांमध्ये जागाच सोडत नसत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. इंग्रजी मजकुरातली शब्दांमधली जागा काढून टाकली तर वाचनाचा वेग जवळजवळ एक तृतीयांशाने, कधी त्याहूनही जास्त घसरतो. अर्थात मोडीच्या सरावलेल्या कारकुनाला तसं काही वाटत नसणार, सराव ही मोठी चीज आहे.

सराव किती खोल जातो हे मेंदूत दिसतं. लिहिण्याची कला फार तर साडेपाच हजार वर्षांची. तेवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळा भाग उत्क्रांत होणं शक्य नाही. त्यामुळे चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या जुन्या भागांच्या शेजारीच, डाव्या बाजूला कानामागे आणि थोडं खाली, अक्षरओळखीचं बिऱ्हाड थाटलं जातं. प्रत्येक साक्षर माणसात ते जवळपास त्याच जागी सापडतं. फ्रेंच, चिनी, हिंदी, काहीही वाचा. २००० साली लॉरां कोएन आणि स्टानिस्लास देआन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञांनी या जागेचं नेमकं वर्णन केलं, पण तिची चाहूल १८९२ सालीच लागली होती. जूल देजेरीन या डॉक्टरांचा एक रुग्ण पक्षाघातानंतर लिहू शकत होता, पण स्वतः लिहिलेलं वाचू शकत नव्हता.

या बाबतीत भारतातलं एक काम मुद्दाम सांगण्यासारखं आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूची चित्रं घेतली. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरताच थांबला नव्हता. नजर वळवण्याचं काम पाहणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या जुन्या भागांचा मेळही बदलला होता. तिशीत अक्षरओळख झाली तरी यंत्र बसवलं जातं. 'आता या वयात काय वाचायला शिकायचं' याला इतकं थेट उत्तर क्वचित मिळतं.

आता अंकाकडे वळू. कथा.

कथा वाचताना वाक्यं लक्षात राहत नाहीत. शेवटच्या दोन-चार शब्दांपलीकडे नेमकी शब्दरचना झपाट्याने पुसली जाते. राहतं ते मनात उभं केलेलं नेपथ्य: वाड्याचं दार कुठे आहे, म्हातारी कुणावर रागावली आहे, पाऊस थांबला की नाही. वाचक हे नेपथ्य सारखं दुरुस्त करत असतो आणि त्याला वेळ लागतो. 'क्षणभराने तो उठला' यापेक्षा 'तासाभराने तो उठला' हे वाक्य वाचायला जास्त वेळ लागतो, शब्द तेवढेच असूनही, कारण मधल्या तासात काय काय हलवायचं ते ठरवावं लागतं. जागा बदलली, काळ बदलला, नवं पात्र आलं की वेग मंदावतो. म्हणून पहिली तीस पानं जड जातात आणि पुढची दीडशे पळतात. मोठ्या कुटुंबाच्या कादंबरीत लोक सोडून देतात ते नेमके या तीस पानांत. उपाय साधा आहे. खुणेच्या चिठ्ठीवर नावं आणि नाती लिहीत जायचं, एका पात्राला एक ओळ, याहून जास्त नाही. लांब टिपणं काढायला बसलं की नेपथ्य मोडतं.

कथा वाचताना नजर शब्दही गाळते. इंग्रजीत साधारण एक तृतीयांश शब्दांवर नजर थांबतच नाही: छोटे शब्द आणि आधीच कळलेले शब्द. 'दिवाळीच्या पहाटे अभ्यंग' इथपर्यंत आलं की 'स्नान' वाचायची गरज उरत नाही. रहस्यकथा भराभर पळते त्याचं एक कारण हे ओळखीचं वळण. शेवट आधी कळला तर मजा जाते का? कॅलिफोर्नियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा कथा वापरल्या; शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना त्या थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या इतर प्रयोगांत उलटही आढळलं. तेव्हा शेजाऱ्याला शेवट सांगायचा परवाना यातून मिळत नाही. पण एक गोष्ट पटण्यासारखी आहे: दुसऱ्यांदा वाचताना नेपथ्य उभं करण्याचे कष्ट वाचतात, थांबे आखूड होतात, मागे जाणं कमी होतं आणि सुटलेलं लक्ष भाषेकडे वळतं. पारायण करणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

कविता डोळ्यांनी वाचली तरी काम कानाचं असतं. मनातल्या मनात वाचतानाही आतला आवाज चालूच असतो, आणि तो साधारण दोन सेकंदांत बोलून होईल एवढंच ताजं धरून ठेवतो. ॲलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने या छोट्या साठ्याचा अभ्यास केला. त्यांच्या पद्धतीचा प्रयोग करून पाहा: तोंडाने सतत 'एक-दोन, एक-दोन' म्हणत राहायचं आणि डोळ्यांनी वाचायचं. बातमी बऱ्यापैकी कळते. गुंतागुंतीची वाक्यं निसटू लागतात, कारण शब्दांचा क्रम धरून ठेवायला तो आवाज लागतो. आणि ओवी? ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा मोकळा आणि बहुधा आखूड. 'एक-दोन' म्हणताना यमक विरून जातं आणि चौथ्या चरणाचं ते थबकणं जाणवतच नाही. उरतो फक्त अर्थ, आणि तेवढ्यासाठी ओवी कुणी लिहिली नसती.

म्हणून कवितेला वेग वाढवायचे सल्ले लावू नयेत. आतला आवाज बंद करा, असं वेगवाचनाचे वर्ग शिकवतात. कवितेचा जीवच त्याने जातो. गद्यातसुद्धा हा सौदा महागात पडतो. वेग फार वाढवला की आकलन घसरतं, यावर डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. वाचून झालेले शब्द लगेच झाकून टाकणाऱ्या पडद्यावर वाचायला लावलं तर वाचकाला मागे जाता येत नाही, आणि मग कठीणच काय, साधी वाक्यंही नीट कळत नाहीत असं २०१४ च्या एका प्रयोगात दिसलं. मागची झेप ही दुरुस्ती असते. वाचलेल्या ओळींवर कार्ड सरकवत वाचायची सवय असेल तर ते कार्ड ओळीच्या खाली धरा, वर नको.

वाचकाची अपेक्षाही गिअर बदलते. रॉल्फ झ्वान या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली तोच मजकूर काहींना बातमी म्हणून दिला, काहींना साहित्य म्हणून. साहित्य समजून वाचणाऱ्यांनी जास्त वेळ घेतला आणि त्यांना नेमके शब्द जास्त आठवले. बातमी समजणाऱ्यांना घटना जास्त चांगली आठवली. मजकुरात काहीच फरक नव्हता. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत 'कथा' की 'लेख' हे छापलेलं असतं, ते आपल्या डोळ्यांना दिलेलं फर्मानच म्हणायचं.

लेखाचं गणित वेगळं. तिथे वाचक अडतो तो पूर्वज्ञानावर. १९८८ साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि छोट्या मैदानावर खेळणी मांडून तो डाव पुन्हा करून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. 'तिसऱ्या स्लिपमध्ये कड लागून गेलेला झेल सुटला आणि फॉलोऑन टळला' हे वाक्य ज्याला दिसतं त्याला दिसतं. बाकीच्यांना शब्दकोशाचाही उपयोग नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा: नवा विषय जड गेला तर बुद्धीवर संशय न घेता पायरी बदलायची. त्याच विषयावरचं कुमारांसाठीचं पुस्तक आधी घ्या, सत्तर-ऐंशी पानांचं, आकृत्या असलेलं. मग मूळ पुस्तक. एका विषयावरचं तिसरं पुस्तक पहिल्याच्या मानाने किती सोपं जातं ते पाहण्यासारखं असतं. पायरी बदलूनही पान उलटलं आणि आत काहीच गेलं नाही, असं झालं तर तेही ठीक आहे. प्रयोगांत वाचकांचं मन वीस ते चाळीस टक्के वेळ भरकटलेलं आढळतं, डोळे मात्र ओळींवरून चालतच असतात. पान पहिल्यापासून वाचायची गरज नाही. शेवटचं आठवणारं चित्र किंवा मुद्दा शोधून तिथून पुढे जायचं. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून, न बघता चार ओळी लिहून काढा. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवलं, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते, म्हणून तर ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

शब्दांच्या बाबतीत छापील पानाला तोड नाही. हेस आणि आरेन्स या संशोधकांनी १९८८ साली इंग्रजीतले दुर्मीळ शब्द मोजले. पदवीधरांच्या आपापसातल्या गप्पांत हजार शब्दांमागे १७, मुलांच्या पुस्तकांत ३१, प्रौढांच्या पुस्तकांत ५३, वर्तमानपत्रांत ६८. पोरांच्या गोष्टींतही पदवीधरांच्या गप्पांपेक्षा जास्त. आणि दुर्मीळ शब्द प्रत्येक प्रकारात वेगळे असतात: प्रवासवर्णनात 'पाणलोट' आणि 'कपार', चरित्रात 'मसलत', शेतीच्या पुस्तकात 'फेरपालट'. एकाच लेखकाच्या वीस कादंबऱ्या वाचल्या तर गोडी लागते, शब्दांची भर मात्र लवकर आटते.

कागद की पडदा या वादातही प्रकार पाहावा लागतो. २०१८ साली ५४ अभ्यास आणि एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचक एकत्र मोजले गेले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला कळतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो. कथेच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा प्रवासात फोनवर कादंबरी वाचायला हरकत नाही. मेंदूवरचा तो लांब लेख छापील अंकातच वाचलेला बरा.

पंचेचाळिशीच्या आसपास एक गोष्ट आधी तपासावी. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, बारीक टाइपासाठी जोर लावावा लागतो आणि अर्ध्या तासाने कपाळ दुखतं. वाचणाऱ्याला वाटतं, आपली आवडच गेली. मराठीत त्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नाही. पुस्तक हात लांब करून धरावं लागत असेल तर वाचनालय बदलण्याआधी चष्म्याच्या दुकानात जा.

आणि दोन-तीन पुस्तकं एकदम चालवायची असतील तर वेगळ्या जातीची ठेवा. आठवणीत सारख्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. दोन रहस्यकथा एकदम सुरू केल्या तर या वाड्यातला खून त्या बंगल्यात जाऊन पडतो. एक कादंबरी, एक माहितीचं पुस्तक आणि एक कवितासंग्रह हे तिघं मात्र सुखाने नांदतात. लेख सकाळी, डोकं ताजं असताना आणि पेन्सिल हाताशी घेऊन. कथा दुपारी किंवा रात्री, सलग अर्धा तास मिळेल तेव्हा, कारण नेपथ्य पुन्हा पुन्हा उभारण्यात वेळ जातो. कविता दहा मिनिटांतही होते, फक्त दार लोटून घ्यावं, ओठ हलले तर हलू द्यावेत. राशिभविष्य कधीही चालतं. तिथे नजर अकरा राशी ओलांडून थेट आपल्या चौकटीवर उतरते, आणि मग वरिष्ठांची रास कुठली ते आठवून तिकडेही एक चक्कर मारून येते.